मोहोराच्या दिवसांतलं टपाल

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दर जानेवारीत एक भांडण होतं. पार्किंगच्या कडेला आंब्याचं एक झाड आहे, बिल्डरच्या हातून चुकून वाचलेलं. त्याला मोहोर आला की तुडतुडे येतात आणि खाली उभ्या केलेल्या गाड्यांवर चिकट थर बसतो. मग बी विंगमधलं कोणीतरी लिहितं, ‘हे झाड म्हणजे डोक्याला ताप आहे.’ दुसरं कोणी लिहितं, ‘अरे, नाहूरमध्ये राहून फुकटात एवढा वास मिळतोय, घ्या ना.’ तिसरा आंब्याचं चित्र टाकतो आणि भांडण संपतं. मी या ग्रुपवर आजवर एक अक्षर लिहिलेलं नाही. मोहोराच्या दिवसांत मी त्या झाडाच्या बाजूने जात नाही, गेटपर्यंत लांबून वळसा घालतो. बायकोला वाटतं, मला त्या वासाची अ‍ॅलर्जी आहे. मीच तसं सांगितलं होतं, लग्नाच्या पहिल्या वर्षी.

या वर्षी मोहोर जरा जास्तच आला. आणि टीव्हीवर पुन्हा आखात. नकाशावर लाल बाण, जहाजांची हलती चित्रं, एकमेकांच्या अंगावर ओरडणारे चार निवृत्त अधिकारी. बायको मेथी निवडत होती. म्हणाली, “परत सुरू होणार वाटतं.” मी आवाज कमी केला.

त्याच आठवड्यात तेजूचा फोन आला. तेजू माझ्या थोरल्या भावाची मुलगी. बोरिवलीला राहते, सोबत तिची आई, म्हणजे माझी वहिनी. गावच्या आमच्या बागेतला हापूस तेजू थेट घरोघरी पोचवते. पेट्यांवर छापायला तिने स्वतःच एक चित्र काढलंय, दोन पानं आणि मधे फळ.

“काका, ती तुझी जुनी फाइल आहे ना? एक्स्पोर्टची पत्रं?”

“असेल माळ्यावर. कशाला?”

“अरे, लोकांना नुसता आंबा नको असतो आता, स्टोरी पाहिजे असते. आबांचं अक्षर, बाबाची पत्रं, तुझं ते टायपिंग. स्कॅन करून वेबसाइटवर एक पान करते. झकास दिसेल.”

“बघतो.”

“तुझं ‘बघतो’ मला माहितीये. रविवारी येतेय मी. आईला घेऊन.”

‘बाबाची पत्रं’ असं ती इतक्या सहज म्हणाली. बाबा गेला तेव्हा ती दीड वर्षाची होती. तिच्यासाठी बाबा म्हणजे एक फोटो आणि बऱ्याच वर्षांपूर्वी झालेलं एक युद्ध.

फाइल माळ्यावर होतीच. पुठ्ठ्याची, नाडी बांधलेली. तिच्यात एक कार्बन कॉपी आहे. ती खोटी आहे. ती खोटी आहे हे आज जगात फक्त मला माहीत आहे. आणखी एका माणसाला माहीत होतं, तो माणूस गेला. ती प्रत तशीच तेजूच्या हातात पडली तर माझं काहीच बिघडणार नाही. बिघडेल ते त्या गेलेल्या माणसाचं, पुन्हा एकदा, आणि या वेळी छापील.

म्हणून रविवारच्या आधी हे लिहायला बसलो आहे.

आमची बाग देवगडच्या बाजूला, खाडीकडे उतरणाऱ्या कातळावर. सुरुंग लावून खड्डे केले, होडीने माती आणली आणि कलमं लावली, असं आबा सांगायचे. आबा म्हणजे आमचे वडील. कॉपिंग पेन्सिल जिभेला लावून लिहायचे. त्यामुळे पत्र लिहून झाल्यावर त्यांचा खालचा ओठ जांभळा दिसायचा. दादा, म्हणजे तेजूचा बाबा, तिकडे आखातातल्या एका बंदराच्या शहरात. तिथल्या फळांच्या एका मोठ्या व्यापाऱ्याच्या वखारीत तो आमच्या मालावर आणि आणखी दहाजणांच्या मालावर देखरेख ठेवायचा. पत्रात आम्ही त्या व्यापाऱ्याला ‘शेखसाहेब’ म्हणत असू. दादाच्या बोटांना एक देणगी होती. पेटीत हात घालून, न बघता, तो सांगायचा, ही परवा, ही चार दिवसांनी, ही आजच खाली करा. शेखसाहेबांना दादा हवा होता तो त्या बोटांसाठी. आणि आबांनी त्यांना शब्द दिला होता, मोसम संपेपर्यंत माझा मुलगा तुमच्याकडे.

या दोघांच्या मधे मी. मुलुंडला दोन खोल्यांची भाड्याची जागा, एक टेबल, एक हातातून नेता येईल असा टाइपरायटर. नुकताच बी.कॉम. झालो होतो. गावात टपाल आठवड्यातून दोनदा यायचं आणि परदेशी तिकीट दिसलं की पाकीट चार हातांतून फिरून यायचं, म्हणून सगळं टपाल माझ्या पत्त्यावर. आबांची शिस्त अशी की पाकीट एक आणि कागद दोन. एक बागेचा, एक घरचा. बागेच्या कागदावर हवा, मोहोर, फवारणी, पेट्या, गवत, ट्रक. घरच्या कागदावर माणसं. एकातलं दुसऱ्यात सांडायचं नाही. बागेचा कागद मी काढून घ्यायचा, त्यावरून इंग्रजी पत्र टाइप करायचं, प्रत फाइलला लावायची. घरच्या कागदाची घडी न मोडता तो पुढे पाठवायचा, इकडून तिकडे, तिकडून इकडे.

आणखी एक रीत होती. आमच्याच घरची असावी, शेजारच्या बागायतदारांकडे मी ती पाहिलेली नाही. मोहोर फुटला की फळ वाटाण्याएवढं होईपर्यंत घरात वाईट बातमी आणायची नाही. आबा अंगणात उभे राहून सांगायचे, “मोहोर इलो. आता घरात रडूचा नाय, भांडूचा नाय, वायट खबर हाडूची नाय.” मोहोर गळतो म्हणे. एका वर्षी मामा गेले ते आबांनी आईला वीस-बावीस दिवसांनी सांगितलं. आई मग रडायला काजूच्या बागेत गेली, तिथे मोहोराला ऐकू जाणार नाही म्हणून. आम्हा मुलांना ते इतकं अंगवळणी पडलं होतं की कोणी सांगावं लागत नसे. डिसेंबर ते फेब्रुवारीतली आमच्या घरची पत्रं कोणी वाचली तर त्याला वाटेल, सगळ्या जगात सुखी असं हे एकच कुटुंब आहे. ‘इकडील सर्व क्षेम. थंडी उत्तम. चि. तेजू पाऊल टाकू लागली. कळावे.’

परवा फाइल उघडली आणि त्या मोसमातली पत्रं ओळीने लावली. दिवाळीनंतरच्या बागेच्या कागदावर आबा विचारतात, पेट्यांचं लाकूड कोणतं घेऊ. शेखसाहेबांचं इंग्रजी उत्तर, देवाच्या कृपेने मोसम चांगला जाईल. त्यानंतरच्या दादाच्या कागदावर, पेट्यांच्या मापाखाली, एक ओळ: इथे बाजारात चिकटपट्टी मिळत नाही, लोक खिडक्यांना लावतायत. पुढच्या पत्रात, बोटींचे मालक भाव सांगायला तयार नाहीत, थांबा म्हणतात. मग, पिण्याच्या पाण्यासाठी रांग होती म्हणून वखार उशिरा उघडली. मग, मलबारकडची पोरं निघाली, वखारीत आता आम्ही तिघेच. बागेचाच कागद, त्यात माणसं यायची नाहीत, म्हणून भीतीसुद्धा त्याने पेट्या, बोटी आणि पाणी यांच्या आडून लिहिली. आणि मी त्यावर काय टाइप केलं? ‘आपले पत्र मिळाले. बोटीच्या भाड्याबाबत त्वरित कळवावे.’ माझ्या इंग्रजीत एकही चूक नाही. मला त्याचा अभिमान होता.

टाइपरायटरची रिबन, गोंद आणि खालच्या मजल्यावरच्या हळदकुटणीच्या गिरणीतून येणारी पिवळी धूळ, हा माझा त्या हिवाळ्याचा वास आहे. लेटरहेड नवं छापून आणलं होतं. वर बागेचं नाव, खाली मुलुंडचा पत्ता आणि उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत माझं नाव, ‘पत्रव्यवहार’ या शब्दापुढे. मी ते पहिल्या दिवशी कितीदा वाचलं असेल.

डिसेंबर संपता संपता दादाचं एक पाकीट आलं. त्यात तीन कागद होते. तिसऱ्यावर बाहेरून माझं नाव.

‘विजू, हा कागद तुझा. घरच्या कागदात मला हे लिहिता येत नाही, मोहोर आला असेल. इथलं काही खरं नाही. पुढचे दोन आठवडे निघता येईल, नंतरचं कोणी सांगत नाही. मी घाबरलोय. तुला लिहायला लाज वाटत नाही. पण आबांनी शब्द दिलाय आणि तो मी आपल्या मनाने मोडणार नाही. तू गावी जा, आबांना समोर बसून सांग. ये म्हणाले तर त्याच दिवशी निघतो. थांब म्हणाले तर थांबतो. पत्राने विचारू नकोस, समोर बस. उत्तर लगेच टाक. सुमनला काही बोलू नकोस.’

सुमन म्हणजे वहिनी. ती तेव्हा गावी होती, तेजूला घेऊन. आई त्याआधीच वारली होती.

मी गेलो. रात्रभर एसटीत बसून सकाळी गावात उतरलो, तो कागद शर्टाच्या खिशात. घरी वहिनीने तांदळाची भाकरी वाढली, विचारलं, “भावजी, मधेच कसे काय?” म्हटलं, पेट्यांचं ठरवायला. मग बागेत गेलो. त्या वर्षीसारखा मोहोर मी त्याआधी पाहिला नव्हता. पान दिसत नव्हतं. जमिनीवर पडलेल्या फुलांचा पिवळट भुसा, त्याच्यावर चिकट गोडवा, पाय उचलला की चपलेचा आवाज. मधमाश्यांची एकसारखी गुणगुण. आबा एका कलमाखाली उकिडवे बसले होते, खाली वाकलेला तुरा तळहातावर घेऊन, एखाद्या बाळाची हनुवटी धरावी तसा.

“इलंस? बस. दादाचो कागद इलो?”

“इलो.”

“बरो आसा मां?”

खिशातल्या कागदाची घडी छातीला लागत होती. मी म्हटलं, “बरो आसा.”

“मग झाला.” त्यांनी तुरा सोडला. थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता म्हणाले, “तुझ्या कागदांमुळे ही बाग थंयसर पोचली रे. माका खरा वाटत नाय.”

आबांनी माझ्याबद्दल काही चांगलं म्हटल्याचं मला आठवत असलेलं ते पहिलं वाक्य. शेवटचंही.

मी दोन दिवस राहिलो. बोललो नाही. स्वतःला सांगत राहिलो की मोहोर आहे, रीत आहे, मी काय करणार. पण ते खरं नव्हतं. रीत दादालाही माहीत होती आणि तरी त्याने मला पाठवलं होतं. खरं कारण इतकं लहान आहे की ते लिहिताना हात अडतो. दादा परत आला असता तर शेखसाहेबांचा व्यवहार मोडला असता. व्यवहार मोडला की मुलुंडची जागा, टेबल, लेटरहेड, कोपऱ्यातलं नाव, काही उरलं नसतं. मला गावी परत यावं लागलं असतं, दोन भावांतला ती बोटं नसलेला भाऊ म्हणून. दादाला काही व्हावं असं माझ्या स्वप्नातही नव्हतं. मला फक्त ते टेबल हवं होतं. युद्ध होणार नाही, असं मी धरून चाललो होतो. त्या वेळी पेपरात रोज दोन्ही बाजू छापून यायच्या. मी मला हवी ती वाचत होतो.

मुलुंडला परत आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी शेजारच्या कुलकर्णीकाकूंनी हाक मारली, “विजू, फोऽन! बाहेरदेशातून आहे, धाव!” आमच्याकडे फोन नव्हता, त्यांचाच नंबर आम्ही पी.पी. म्हणून दिलेला. रिसीव्हर हातात घेतला तर आधी नुसता खरखराट, मग दादा.

“गेला होतास?”

“हो.”

“आबा काय म्हणाले?”

काकू समोर पोळ्या लाटत होत्या. मी म्हटलं, “पत्र टाकलंय.”

“अरे, तोंडाने सांग ना.”

“पत्रात सगळं लिहिलंय, दादा.”

मग म्हणाला, “बरं. येईल पत्र.” आणि लाइन गेली. काकूंनी विचारलं, “बरा आहे ना रे?” म्हटलं, “बरा आहे.” सलग दुसऱ्यांदा तेच वाक्य, फक्त या वेळी शुद्ध मराठीत.

पत्र मी टाकलेलं नव्हतं. ते त्यानंतर बसून लिहिलं. टाइपरायटरवर मराठी नव्हतं, म्हणून हाताने, खाली कार्बन ठेवून. कार्बन का ठेवला? सवय. प्रत्येक जाणाऱ्या पत्राची प्रत राहिली पाहिजे, अशी माझीच शिस्त होती. ‘ती. दादास सा. न. आबांना समोर बसून सर्व सांगितले. त्यांचे म्हणणे पडले की दिलेला शब्द आहे, मोसम होईपर्यंत थांबावे. देवाच्या कृपेने सर्व ठीक होईल. इकडे मोहोर उत्तम.’ खाली माझी सही.

मी फोनवरच खोटं बोललो असतो, तर कदाचित त्याने वाद घातला असता, चिडला असता, निघाला असता. पण मी पत्राचं नाव घेतलं. मग तो पत्राची वाट बघत बसला. आमच्या घरात पत्रावर विश्वास ठेवायची पद्धत होती.

युद्ध सुरू झालं ते मी रस्त्यात ऐकलं, मुलुंड स्टेशनबाहेरच्या पेपरवाल्याकडे. पुढचे दिवस मला नीट आठवत नाहीत, कागद तेवढे आठवतात. शेखसाहेबांना तार. तारेचं उत्तर नाही. सरकारी कचेऱ्यांना अर्ज, प्रत्येकाची प्रत. एका ठिकाणाहून छापील पोस्टकार्ड आलं, आपला अर्ज मिळाला. दादाला नंतर टाकलेलं एक पाकीट परत आलं, शिक्का मारलेलं, त्या देशाची टपालसेवा बंद. मी दारात ते हातात घेऊन उभा राहिलो. चुकीचं पाकीट परत आलं होतं. जे परत यायला हवं होतं, ते पोचलं होतं.

हे आम्हाला कळलं मार्चमध्ये. वेंगुर्ल्याकडचा एक सुतार, दादाच्या वखारीशेजारी राहणारा, सुटून परत आला आणि मुद्दाम वाट वाकडी करून आमच्या घरी आला. मी गावीच होतो. अंगणात आबा, वहिनी, कडेवर तेजू. फळ केव्हाच वाटाण्याएवढं होऊन गेलेलं, म्हणजे रीतीप्रमाणे वाईट बातमीला मोकळीक होती. सुतार चहाला हात न लावता बोलला. शेवटच्या गाडीत दादासाठी जागा ठेवली होती. तो वखारीच्या दारात उभा राहिला, म्हणाला, तुम्ही व्हा पुढे. घरून पत्र आलंय, आबा थांब म्हणालेत. चार दिवसांनी बंदराकडची ती सगळी गल्ली गेली. नंतर कोणी कोणाला शोधायला गेलं नाही, जाण्यासारखं काही नव्हतं.

वहिनी ओरडली नाही. तेजूला खाली ठेवलं आणि आबांपुढे जाऊन उभी राहिली. “मामंजी, तुम्ही थांब म्हणालात?”

आबांनी आधी तिच्याकडे पाहिलं. त्यांना काही समजलं नव्हतं, ते तोंडावर स्पष्ट दिसत होतं. मग त्यांची मान सावकाश माझ्याकडे वळली. मी खांबाला टेकून होतो. सुताराने एकदा खाकरून गळा साफ केला.

“होय,” आबा म्हणाले. “मीच सांगितलंय थांब म्हणान.”

ते चौदा वर्षं जगले त्यानंतर. त्या घरात वहिनी त्यांच्याशी एक शब्द बोलली नाही. ताट वाढायची, माजघराच्या उंबऱ्याशी ठेवायची आणि तेजूला म्हणायची, “आजोबांना सांग, ताट वाढलंय.” तेजू शिकायला मुंबईत आली, तिच्यासोबत वहिनीही आली, तेव्हा आबांच्या पाया पडायला सांगणाऱ्या बायकांना तिने एवढंच म्हटलं, “माझ्या वाटणीचं त्यांनी आधीच घेतलंय.” आबा गेले त्या सकाळी सगळे म्हणत होते, सुमन, तोंडात पाणी घाल, थोरली सून आहेस. ती भिंतीकडे तोंड करून बसून राहिली. पाणी मी घातलं.

त्या चौदा वर्षांत आबांनी मला कधी काही विचारलं नाही. मी सुट्टीला जायचो, आम्ही दोघं बागेत फिरायचो, ते कलमांबद्दल बोलायचे. एवढंच झालं की पत्र लिहायचं त्यांनी सोडलं. कोणालाच लिहिलं नाही पुन्हा. मुलुंडची जागा उन्हाळ्याआधीच सोडली मी. मग एका कंपनीत लागलो. तिथे इतकी वर्षं काय करतो? येणाऱ्या-जाणाऱ्या कागदांची नोंद.

इथवरचं रविवारच्या आधी लिहिलं होतं. विचार असा होता की हे कागद तेजूच्या हातात द्यावेत आणि आपण खाली चक्कर मारून यावं. तसं झालं नाही.

त्या आल्या अकराच्या सुमारास. तेजूने आल्या आल्या फाइलीचा ताबा घेतला, जमिनीवर बसून एकेक कागद खिडकीच्या उजेडात ठेवून फोनने टिपायला लागली. “आई गं, आबांचं अक्षर बघ! जांभळं! हे तर पेटीवरच छापणार.” वहिनी सोफ्यावर, पर्स मांडीवर. आबांचं अक्षर तिने बघितलं नाही. माझी बायको पोहे करायला आत गेली होती.

मग तेजूचा हात थांबला. कार्बन कॉपी निळी, पुसट, पण वाचता येते. तिने मनात वाचली आणि मग हळू आवाजात म्हणाली, “आई. हे तेच आहे.”

“वाच.”

तेजूने वाचलं. ‘त्यांचे म्हणणे पडले की दिलेला शब्द आहे...’ वहिनीने सगळं ऐकून घेतलं. चेहऱ्यावर राग नव्हता, एक प्रकारचं समाधान होतं, जुना दाखला एकदाचा सापडल्यासारखं. म्हणाली, “हेही टाक तुझ्या त्या पानावर. सगळं गोड गोड नको. लोकांना कळू दे, आंब्याच्या पेटीसाठी मुलगा ठेवून दिला ते.”

“आई, असं कसं टाकणार? ब्रँड आहे यार.”

“मग आबांचं जांभळं अक्षर कसं टाकतेस?”

मी म्हटलं, “वहिनी, आबांनी असं म्हटलेलं नाही.”

दोघींनी माझ्याकडे पाहिलं.

“मी त्यांना विचारलंच नव्हतं. गेलो होतो, पण विचारलं नाही. हे मी माझ्या मनाने लिहिलं.”

इतकी वर्षं हे वाक्य मी किती प्रकारांनी मनात जुळवलं होतं. निघालं तेव्हा ते एखाद्या कचेरीच्या पत्रासारखं निघालं. मग मी तो तिसरा कागद काढला. तो फाइलमध्ये कधीच नव्हता, माझ्या कपाटात असतो. वहिनीने चष्मा लावला. वाचायला तिला फार वेळ लागला. एका ठिकाणी बोट ठेवून ती थांबली आणि तिथून पुढे जाईना.

“घाबरला होता?” तिने विचारलं. मला की स्वतःला, कळलं नाही. “मला तर लिहायचा, तेजूसाठी लाल बूट बघून ठेवलेत. दर पत्रात बूट.”

तेजू म्हणाली, “काका, तू...” फोन तिने पालथा ठेवला. आतून बायकोने विचारलं, “लिंबू पिळू ना सगळ्यांवर?” ती झारा हातात घेऊन दारात आली आणि तिथेच थांबली.

“मग मामंजी ‘होय’ का म्हणाले?” वहिनीने विचारलं.

“माझ्यासाठी.”

वहिनीने मान हलवली, हिशेब लागत नसलेल्या माणसासारखी. “मी त्यांना पाणी नाही घातलं, भावजी.”

“माहितीये.”

“तुम्ही तिथेच उभे होतात.”

“हो.”

ती रडेल असं मला वाटलं. मला शिव्या घालेल असंही वाटलं, आणि मी त्याची वाट बघत होतो, खोटं कशाला बोलू. तिने दोन्ही कागद एकावर एक ठेवले, कडा जुळवल्या. मग विचारलं, “आणि विचारलं असतंत, तर काय म्हणाले असते ते?”

“मला माहीत नाही.”

“ये म्हणाले असते?”

“वहिनी, खरंच माहीत नाही. शब्दाला फार जपायचे. दादालाही फार जपायचे.”

“नंतर तरी विचारायचं होतंत. चौदा वर्षं होते की समोर.”

तिने कागद पर्समध्ये ठेवले, दोन्ही, परवानगी न घेता. तेजूचा हात धरून उठली. पोहे न खाता त्या गेल्या. लिफ्टचं दार बंद होईपर्यंत मी उभा होतो. तेजूने एकदा वर पाहिलं, वहिनीने नाही.

नंतर आबांना का विचारलं नाही, याचं उत्तर माझ्याकडे होतं, ते मी दिलं नाही. बागेत आबांच्या मागून चालताना तो प्रश्न कितीदा तरी माझ्या तोंडापर्यंत आला होता. आबा ‘ये’ म्हणाले असते, असं कळलं असतं तर दादाला मी मारलं, एवढं पक्कं झालं असतं. ते सोसायची मी तयारी ठेवली होती. पण ते ‘थांब’च म्हणाले असते, असं कळलं असतं तर मला बरं वाटलं असतं. त्या बरं वाटण्याला मी घाबरलो, आणि विचारलं नाही.